कर्जाच्या अर्जाआधी आपल्या नावाची वही वाचा

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय विचारला तेव्हा मी एकच शब्द सांगितला, “सिबिल.” सेक्रेटरी साहेबांना हसू आलं. म्हणाले, “दादा, वर्धापन दिनाला वक्ते धम्मावर बोलतात, चळवळीवर बोलतात. तुम्ही बँकेचं काय काढलंत?” मी म्हटलं, “मला पाऊण तास द्या, मग ठरवा.” त्यांनी दिला, त्याबद्दल आभारी आहे.

मी बँकेतला माणूस नाही, वकील नाही. दहावी नापास झालो आणि १९९० साली वडिलांच्या ओळखीने गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. रिंग खात्यात तीस वर्षं तुटलेला धागा जोडण्यात गेली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गिरणी बंद झाली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, या विहाराच्या वाचनालयात आणि ठेच लागल्यावर. आज जे सांगणार आहे ते ठेच लागून शिकलेलं आहे. आमच्या घरची गोष्ट आहे. ती चारचौघांत सांगायला पोरीच्या आईची परवानगी घेतली आहे.

माझ्या वडिलांच्या काळात पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर व्याजी पैसे देणारा पठाण उभा असायचा. गावाकडे सावकार होता. आजोबांनी त्याच्याकडून किती घेतले, किती फेडले, हे आजोबांना कधीच कळलं नाही. कारण हिशेब सावकाराच्या वहीत आणि वही सावकाराच्या कपाटात. आजोबांनी फक्त अंगठा उठवायचा. वहीत काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं आणि दाखवायचीही कुणी तसदी घेत नव्हतं. बंधू-भगिनींनो, आजसुद्धा आपल्या प्रत्येकाच्या नावाची अशी एक वही आहे. फरक इतकाच की ही वही आपल्याला वाचता येते आणि ती मागून घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. तरी आपण ती वाचत नाही. मीही वाचली नव्हती. त्याची काय किंमत पडली ते ऐका.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माझ्या मुलीला नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळाला. आमच्या घराण्यातली पदवीला जाणारी ती पहिली मुलगी. पहिल्या वर्षाची फी ८५ हजार, भरायला मुदत बारा दिवस. मी निर्धास्त होतो. शैक्षणिक कर्ज मिळतं हे माहीत होतं, पोरीचे मार्क चांगले होते. शैक्षणिक कर्जात मुलांबरोबर आईबापाला सहकर्जदार व्हावं लागतं, म्हणून मी सह्या करायला बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी संगणकावर पाहिलं आणि म्हणाले, “काका, तुमचं सिबिल खराब आहे. हे होणार नाही.”

मी म्हटलं, “साहेब, मी आयुष्यात एक पैसा बुडवलेला नाही.” साहेब म्हणाले, “इथे तसं दिसत नाही.” काय दिसतं, कुणी लिहिलं, कधी लिहिलं, काही सांगितलं नाही. मागे रांग होती. पोरगी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, प्रश्न होता. बापाने काय लपवलंय? तो प्रश्न मला आजही टोचतो, कारण मी खरोखरच काहीतरी लपवलेलं होतं.

त्या संध्याकाळी वाचनालयात बसणाऱ्या आपल्या एका कॉलेजच्या मुलाने मोबाइलवर माझा रिपोर्ट काढून दिला. एक पैसा लागला नाही, वीस मिनिटं लागली. रिपोर्टात दोन गोष्टी निघाल्या.

पहिली गोष्ट अशी. २०१६ साली मी टीव्ही हप्त्याने घेतला आणि चौदा हजार रुपये थकवले, अशी नोंद होती. आमच्या घरात हप्त्याचा टीव्ही कधी आलाच नाही. शोध घेतला तर माझ्याच नावाचा, माझ्याच आडनावाचा दुसरा माणूस निघाला. वडिलांचं नाव वेगळं होतं, पण जन्मतारीख तीच, १ जून. आता इथे बसलेल्यांपैकी किती जणांची जन्मतारीख १ जून आहे, हात वर करा बघू. बघा! निम्मी सभा. आपल्या आईबापांना तारीख ठाऊक नव्हती, मास्तरांनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लिहून टाकली. नावं तीच, आडनावं तीच, तारीख तीच, वस्तीही तीच. त्या टीव्हीच्या कागदावर पॅन नंबर नव्हता. मग संगणकाने दोन माणसांचा एक माणूस केला यात नवल काय? म्हणून सांगतो, ही चूक इतरांपेक्षा आपल्या घरांत होण्याचा संभव जास्त आहे.

दुसरी गोष्ट मात्र खरी होती. २०१८ साली माझ्या खात्यातल्या एका सहकाऱ्याने घरदुरुस्तीसाठी दीड लाखाचं कर्ज काढलं आणि मी त्याला जामीन राहिलो. त्याचं नाव घेत नाही, माणूस चांगला आहे. गिरणी बंद पडली, तो गावी गेला, हप्ते थांबले. बँकेच्या नोटिसा माझ्या जुन्या चाळीच्या पत्त्यावर जात राहिल्या. चाळ पुनर्विकासात गेलेली, आम्ही भाड्याच्या खोलीत. मला एकही कागद मिळाला नाही. आणि मी जामीन राहिलोय हे मी पोरीच्या आईला सांगितलेलंच नव्हतं. ती नको म्हणाली असती म्हणून.

तेव्हा पुढे काय केलं ते सांगण्याआधी ही वही म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण तिच्याविषयी गैरसमज फार आहेत.

कर्जाचा हिशेब ठेवणाऱ्या या कंपन्या आहेत. ‘सिबिल’ हे त्यातल्या एका कंपनीचं नाव. ती २००० साली स्थापन झाली, आज तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल असं आहे. तिच्याखेरीज एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन आहेत. चौघींचा कारभार २००५ च्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालतो. बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या, बचत गटांना कर्ज देणाऱ्या कंपन्या आपल्या कर्जाची माहिती या चौघींना पुरवतात. पूर्वी ही माहिती महिन्याने जायची. जानेवारी २०२५ पासून निदान पंधरवड्याला तरी गेलीच पाहिजे, असा नियम झाला.

या रिपोर्टात आपलं नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते आणि फोन नंबर असतात. कोणतं कर्ज कधी घेतलं, किती बाकी आहे, महिन्यामहिन्याचा हप्ता वेळेवर गेला की नाही, हे असतं. कुणाला जामीन आहोत ते असतं. अलीकडे कोणकोणत्या बँकांनी आपली चौकशी केली तेही असतं. आपल्या बचत खात्यातली शिल्लक, फिक्स्ड डिपॉझिट, अंगावरचं सोनं यांतलं काही त्यात नसतं. आपली जात नसते, धर्म नसतो. एक काळ असा होता की मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडाचा विटाळ मानत. बाबासाहेबांनी तो प्रश्न संपाच्या काळात उघडपणे मांडला होता. तो दरवाजा जातीने बंद केलेला होता. हा दरवाजा कागदाने बंद होतो. आणि कागद चुकला असेल तर तो कागदानेच दुरुस्त करता येतो, हे ध्यानात ठेवा.

या सगळ्या नोंदींवरून एक आकडा काढतात, त्याला स्कोअर म्हणतात. तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. साधारणपणे ७५० च्या वर असेल तर बँका चांगला मानतात. पण कर्ज द्यायचं की नाही हे या कंपन्या ठरवत नाहीत, ते बँक ठरवते. ‘काळी यादी’ असं काही नसतं.

ज्यांनी कधीच कर्ज घेतलं नाही त्यांच्या नावापुढे आकडाच नसतो. त्याला वाईट समजू नका. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ मागचा इतिहास नाही एवढ्याच कारणाने नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने संसदेतही हे स्पष्ट केलं. बँकेत कुणी तसं कारण सांगितलं तर हे नम्रपणे, पण ठामपणे त्यांच्या कानावर घाला.

आता रिपोर्ट मागवायचा कसा? चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा प्रत्येक माणसाला त्याचा पूर्ण रिपोर्ट फुकट दिला पाहिजे, हा नियम १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जायचं. नाव, पॅन, जन्मतारीख, मोबाइल नंबर द्यायचा. ओटीपी येतो, तो टाकायचा. वेबसाइटवर महिन्याच्या वर्गणीचे प्लॅन मोठ्या अक्षरात दाखवतात आणि फुकटचा रिपोर्ट बारीक अक्षरात. घाई करू नका, शोधला की सापडतो. सायबर कॅफेत काढलात तर लॉग आऊट करा. पॅनची झेरॉक्स तिथे टाकून येऊ नका. ओटीपी कुणाला सांगू नका, भाच्याच्या मित्रालासुद्धा नाही.

पुष्कळ लोकांना वाटतं की आपण रिपोर्ट बघितला की स्कोअर कमी होतो. हे साफ खोटं आहे. आपला आपण बघितला तर काही होत नाही. पण कर्जासाठी बँकेकडे अर्ज केला की बँक चौकशी करते आणि त्या चौकशीची नोंद होते. एका बँकेने नाही म्हटलं म्हणून माणूस दुसरीकडे जातो, तिसरीकडे जातो, आठवड्यात पाच अर्ज करतो. पाच चौकश्या लागोपाठ दिसल्या की सहाव्या बँकेला वाटतं, हा माणूस अडचणीत दिसतोय. म्हणून अर्ज करून मग रिपोर्ट पाहणं हा उलटा कारभार झाला. आधी रिपोर्ट, मग दुरुस्ती, मग अर्ज. आणि हे निदान तीन महिने आधी. पोराची बारावीची परीक्षा चालू असते तेव्हाच आईबापांनी आपापला रिपोर्ट काढून ठेवावा. मी हे केलं असतं तर एप्रिलमध्येच सगळं उघड झालं असतं आणि बारा दिवसांत जी धावपळ झाली ती झाली नसती.

रिपोर्ट हातात आल्यावर घाबरू नका. पाच गोष्टी पेन घेऊन तपासा.

एक. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता. १ जूनवाल्यांनी हे दोनदा तपासावं. पत्ता बदलला असेल तर जिथे जिथे कर्ज आहे किंवा जामीन आहात तिथे लेखी कळवा.

दोन. जे कर्ज आपण घेतलंच नाही ते आपल्या नावावर आहे का? आणि फेडून झालेलं कर्ज अजून चालू दाखवतात का?

तीन. हप्त्यांचे रकाने. मागच्या साधारण तीन वर्षांचा एकेक महिना तिथे असतो. शून्य किंवा ‘एसटीडी’ असेल तर हप्ता वेळेवर आहे. ३०, ६० असे आकडे असतील तर तितके दिवस उशीर झाला आहे. नव्वद दिवसांच्या पुढे गेलं की कर्ज थकीत धरतात.

चार. तीन इंग्रजी शब्द शोधा. ‘रिटन ऑफ’, म्हणजे बँकेने वसुलीची आशा सोडून ते कर्ज हिशेबातून काढलं. त्याचा अर्थ कर्ज माफ झालं असा नाही. ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण रक्कम न घेता तडजोड झाली. ‘सूट फाइल्ड’, म्हणजे कोर्टात दावा लावला. यांतला एकही शब्द असेल तर पुढचं कर्ज अवघड होतं.

पाच. जामीन. रिपोर्टात खातं कुणाच्या मालकीचं आहे ते लिहिलेलं असतं, तिथे ‘गॅरंटर’ असा शब्द दिसला तर ते कर्ज कुणाचं, ते आठवा आणि आजच त्याला फोन करा.

चूक सापडली तर काय करायचं? मी पहिली चूक ही केली की हाताने अर्ज लिहून बँकेच्या शाखेत गेलो. त्यांनी दोनदा परत पाठवला, आठवडा वाया गेला. ज्या कंपनीच्या रिपोर्टात चूक आहे त्या कंपनीच्या वेबसाइटवरच तक्रार नोंदवता येते, तिला ‘डिस्प्यूट’ म्हणतात. फी नाही. तक्रारीचा नंबर मिळतो, तो जपून ठेवायचा. सिबिल कंपनी स्वतःच्या मनाने नोंद बदलत नाही, ती संबंधित बँकेला किंवा फायनान्स कंपनीला विचारते. हा सगळा खटाटोप तीस दिवसांत पुरा झाला पाहिजे. झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. १४४४८ या नंबरवर फोन केला तर मराठीतही माहिती मिळते. आणि चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढा, कारण चूक एकीकडे असते आणि दुसरीकडे नसते. बँक कोणता रिपोर्ट बघेल ते आपल्या हातात नाही.

माझ्या टीव्हीची तक्रार सव्विसाव्या दिवशी निकाली निघाली. पॅन आणि वडिलांचं नाव जुळत नाही हे त्यांना पटलं आणि ती नोंद काढली. पण फीची मुदत केव्हाच संपली होती. फी कशी भरली? पोरीच्या आईने मंगळसूत्र आणि कानातले सोनेतारण ठेवले. ते ठेवायला जाताना ती फक्त एवढंच म्हणाली, “मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. सोबत लक्ष ठेवलं असतं.” तीस वर्षांच्या संसारात मला एवढं कुणी सुनावलं नव्हतं.

आता राहिला जामीनकीचा प्रश्न. १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम असं आहे की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. आपण समजतो, जामीन म्हणजे नुसती ओळख, एक सही. कायदा समजतो, ते कर्ज तुमचंही आहे.

मी गावी त्या सहकाऱ्याकडे गेलो. त्याला बघून भांडायचं विसरलो. तो दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जात होता. म्हणाला, “दादा, तुझ्यापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं रे.” व्याजासकट ६१ हजार बाकी होते. बँकेचा वसुलीचा माणूस म्हणाला, “एकरकमी चाळीस हजार भरा, विषय संपवतो.” आम्ही दोघंही खूश झालो. एकवीस हजार वाचत होते! पण वाचनालयातल्या त्या मुलाने सावध केलं. “काका, विषय संपेल, पण वहीत ‘सेटल्ड’ लिहिलं जाईल. पुढच्या वर्षी पोरीच्या कर्जाला तोच शब्द पुन्हा आडवा येईल.” मग ठरवलं, पूर्ण भरायचे. वीस हजार त्याने उभे केले. एक्केचाळीस हजार मी माझ्या प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून घातले. ते तो थोडे थोडे परत करतोय. बँकेकडून कर्ज पूर्ण फिटल्याचा बेबाकी दाखला घेतला आणि रिपोर्टात ‘क्लोज्ड’ असा शब्द येईपर्यंत पाठपुरावा केला. फेडल्याबरोबर दुसऱ्या दिवशी स्कोअर वाढत नाही. काही महिने जातात. जुलै २०२५ मध्ये मुलीच्या दुसऱ्या वर्षापासूनचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं. दागिने अजून पूर्ण सुटलेले नाहीत. पोरगी मात्र शिकते आहे.

कुणी म्हणेल, मग जामीन राहूच नये का? मी तसं सांगणार नाही. गिरणगावात एकमेकांच्या सहीवरच आपले संसार उभे राहिले. कुणाकडे जमीन नव्हती, दागिने नव्हते, होता तो फक्त शेजारी. जामीन जरूर राहा, पण घरात सांगून राहा. कर्जाच्या कागदाची एक प्रत आपल्याकडे ठेवा. आणि दर सहा महिन्यांनी कर्जदाराला विचारा, हप्ता चालू आहे ना? यात अपमान नाही. ज्याला राग येतो त्याला जामीन राहू नका.

महिला मंडळाच्या भगिनींना मुद्दाम दोन शब्द सांगतो. गटातून जे कर्ज मिळतं त्याची नोंद प्रत्येकीच्या स्वतःच्या नावावर या वहीत होते. “ताई, तुझ्या नावावर काढून दे, हप्ता मी भरते,” असं शेजारीण म्हणते. नात्यातली असते, नाही म्हणवत नाही. पण वहीत शेजारणीचं नाव येत नाही, तुमचं येतं. एकाच घरात तीन कंपन्यांचे साप्ताहिक हप्ते चालू आहेत अशी घरं आपल्या गल्लीत आहेत. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा छोट्या कर्जाचा विचार करताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. तेव्हा नवीन कर्ज घेण्याआधी घरच्या सगळ्यांचे रिपोर्ट एकत्र मांडून बसा. गटाची बैठक असते तेव्हा एकदा हेच काम करा.

तरुणांनो, तुमचंही. मोबाइल ‘शून्य टक्के’ हप्त्याने घेतला तर तेही कर्जच असतं आणि त्याचीही नोंद होते. ॲपवरून पाच हजार उचलले आणि विसरलात तर तेही वहीत राहतं. आज विसरलेले दोन हजार दहा वर्षांनी घराच्या कर्जाच्या वेळी समोर येऊन उभे राहतात. आणि ‘आपला रिपोर्ट कुणीतरी पाहिला’ असा मेसेज मोबाइलवर आला आणि तुम्ही कुठे अर्जच केलेला नसेल, तर तो मेसेज पुसू नका. कुणीतरी तुमच्या नावावर कर्ज मागतंय, ताबडतोब चौकशी करा.

आणखी एक धोका. “पंधरा हजार द्या, सिबिल साफ करून देतो,” असे एजंट आता नाक्यानाक्यावर झाले आहेत. चुकीची नोंद फुकट दुरुस्त होते आणि खरी नोंद कुणाच्या बापाला पुसता येत नाही. तिसरं काही नाही. मग पंधरा हजार कशाचे?

गिरणी कामगारांच्या कुटुंबांना तर हे अगदी जवळचं आहे. १ मार्च २०२० रोजी म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ३,८९४ घरांची सोडत काढली. घराची किंमत साडेनऊ लाख. बाजारभावाने पाहिलं तर स्वस्त, पण निवृत्त कामगाराच्या घरी साडेनऊ लाख कुठून येणार? मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर कर्जच काढावं लागतं. वर्षानुवर्षं मोर्चे काढून, पावसात उभं राहून जे घर पदरात पडतं, ते चौदा हजारांच्या चुकीच्या नोंदीपायी हातचं जाऊ देऊ नका. ज्यांचे अर्ज अजून पडून आहेत त्यांनी सोडतीची वाट पाहू नका. वहीचं काम आधी उरका.

बंधू-भगिनींनो, सेक्रेटरी साहेबांनी विचारलं होतं, याचा धम्माशी काय संबंध? भगवंतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली. धन मिळवल्याचं सुख, ते उपभोगल्याचं सुख, ऋण नसल्याचं सुख आणि निर्दोष जगण्याचं सुख. ऋण नसणं हे त्यांनी सुख म्हणून मोजलं. दुसऱ्या एका सुत्तात गरिबाला कर्ज, व्याज, तगादा आणि बंधन अशा पायऱ्यांनी दुःख कसं चढत जातं तेही त्यांनी समजावून सांगितलं आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांना आपल्या घरातली ही गोष्ट ठाऊक होती. आणि बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनला रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यांच्या बापाने देशाच्या चलनाचा हिशेब तपासला, त्या लेकरांनी आपल्या घरचा हिशेब न वाचता सही करावी, हे शोभणारं नाही.

शेवटी कमिटीला एक विनंती करतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदना झाल्यावर वाचनालयात दोन तास मी बसेन, ते कॉलेजचे मित्रही बसतील. पॅन कार्ड आणि आपला मोबाइल घेऊन या. ज्याचा रिपोर्ट त्यानेच पाहायचा, दुसऱ्याला दाखवायचा नाही, लाज वाटायचं कारण नाही. नवरा-बायको दोघांनी मिळून या, एकट्याने येऊ नका. ही अट माझ्या घरून घातली गेली आहे.

आजोबांनी न वाचता अंगठा उठवला, कारण त्यांना वाचू दिलं नव्हतं. आपल्याला वाचता येतं. मग वाचू या.